एकाच शिफ्टला आलेलं म्हातारपण

मला आजाराची किळस नाही. आजारी म्हाताऱ्याशी लोक ज्या आवाजात बोलतात त्या आवाजाची आहे. आपण साठी ओलांडून पलंगावर आडवे झालो, की चांगली संसारी, शिकलेली माणसं पाळण्यापुढे उभी असल्यासारखी बोलायला लागतात. "बाबांनी मंमं केलं का सगळं? शहाणे आहेत बाबा." आणि मग आपल्या अंगावरून पलीकडे उभ्या असलेल्या मुलाला विचारतात, "इनको लैट्रिन हुई क्या?" जसं काही मी रेल्वेचं पार्सल आहे आणि मुलगा सोडवायला आला आहे.

ज्यांच्यावर ही पाळी आली आहे किंवा येणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आमच्या घमापूर मोहल्ल्यात माझी अशी ख्याती आहे की मी दहा गोष्टी सांगितल्या तर दोन घ्याव्यात. या वेळी आठ घ्या. दोन माझ्याजवळ राहू द्या, इतक्या वर्षांची सवय आहे.

बोलावणं

युद्धाचे दिवस होते. घरोघरी काचांना काळे कागद, सायकलच्या दिव्यांना अर्धा काळा रंग. मी सरकारी कारखान्यातून निवृत्त होऊन घरात बसलो होतो, म्हणजे घरच्यांच्या डोक्यावर बसलो होतो. मला परत बोलवायला रणगाडा आला होता असं मी सगळ्यांना सांगतो. आला होता सायकलवर चपराशी. तरुण कारागीर सगळे मशीनवर अडकले होते आणि जुन्या हाताची कामं जाणणारे आम्ही म्हातारेच उरलो होतो.

गेटच्या आत एका कोवळ्या साहेबाने आम्हाला रांगेत उभं केलं आणि सांगितलं, "यहाँ क्या बनता है, किस चीज़ से बनता है, बाहर एक शब्द नहीं जाएगा। किसी से भी नहीं।"

तुम्हाला हे साधं वाटेल. पण माझ्याजवळ तोवर जन्मात कोणी गुपित दिलं नव्हतं. माझ्या लग्नाची तारीखसुद्धा वडिलांनी मला सगळ्यात शेवटी सांगितली, कारण मला सांगणं म्हणजे शहराच्या टोकाला अधारतालपर्यंत दवंडी. आणि आता चक्क सरकारने माझ्यावर भरवसा ठेवला. त्या संध्याकाळी मी छाती काढून घरी आलो. कुटुंबाने, म्हणजे सुशीलेने विचारलं, "काय काम दिलं?" मी म्हटलं, "तुले सांगता येत नाही." ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जसा काही मी ताप घेऊनच घरी आलो आहे.

तिथे काय बनत होतं ते मी अजूनही सांगणार नाही. कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारा, त्याला सगळं माहीत होतं.

आमची शेड जुनी होती, बरीच वर्षं बंद असलेली, लढाईसाठी उघडलेली. तिच्यात एक भट्टी आणि भट्टीवर एक कढई. कढईवर आम्ही दोघं. मी आणि गुलाबराव ठोंबरे. गुलाबराव मूळचा अमरावतीकडचा. तीस वर्षं आम्ही शेजारशेजारच्या बाकावर काम केलं होतं आणि तीस वर्षं आमची तंबाखू एकत्र होती. तंबाखू माझी, चुना त्याचा. एकाशिवाय दुसऱ्याला चिमूट मिळत नसे. मी डाव्या तळहातावर घ्यायचो, तो चुना लावायचा, मी अंगठ्याने मळायचो आणि दोघांत वाटायचो. आमच्या बायकांना आमच्या लग्नापेक्षा या लग्नाचा जास्त राग होता.

हात धुवायचा नळ शेडपासून लांब होता. लढाई चालू असताना नळाकडे कोण जातं? भाकरी कढईशेजारी, तंबाखू कढईशेजारी. तळहात दिवसभर राखाडी असायचा. मी गुलाबरावाला म्हणायचो, "पाह्य, आपल्या हाताले पॉलिश झाली."

पोट

आधी पोट दुखायला लागलं. दुखणं म्हणजे काय सांगू, कोणी तरी आत बसून धोतर पिळून राहिलं आहे. शौचाचं तर नावच नको. सुशीलेने ओवा दिला, हिंग दिला, एरंडेल दिलं. मी सांगतो ते ऐका, एरंडेलाच्या वासाने आमच्या गल्लीतल्या म्हशी आटल्या, पण माझ्या पोटात पान हललं नाही. तोंडाला एक गुळमट, गंजकट चव आली होती. वरण त्याच चवीचं, चहा त्याच चवीचा, तोंडातली थुंकीही त्याच चवीची. मला माझ्याच जिभेची शिसारी यायला लागली.

मग हात. एक दिवस सकाळी चहाचा कप उचलला आणि मनगट खाली वळलं. कप पडला. मी म्हटलं, बशी चिकटली होती. दुसऱ्या दिवशी सदऱ्याचं बटण लागेना. मी म्हटलं, काज लहान शिवलं आहे. सुशीलेने पुढे येऊन बटण लावलं, वरचं, मग खालचं, आणि माझ्याकडे न पाहता स्वयंपाकघरात निघून गेली. तिथून भांडी फार जोरात वाजली.

माझा मुलगा अरविंद रेल्वेच्या ऑफिसात आहे. त्याने मला दवाखान्यात नेलं, दवाखान्याने मोठ्या रुग्णालयात पाठवलं, आणि तिथे एका डॉक्टरने माझं पोट दाबलं, जीभ पाहिली आणि अरविंदला सांगितलं, "उमर हो गई है। इस उमर में पेट, हाथ-पैर, सब ढीला हो जाता है। भरती कर लेते हैं, देखते हैं।"

हा माझा निदानाचा दिवस. लोकांच्या निदानाच्या दिवशी मोठमोठी लॅटिन नावं असतात, घरचे रडतात, शेजारी विचारायला येतात. माझ्या आजाराचं नाव निघालं 'उमर'. मला इतका राग आला की मी तिथल्या तिथे मरून दाखवणार होतो. मी म्हटलं, "डॉक्टर साब, मागच्या महिन्यापर्यंत माझं वय काय होतं? सोळा?" डॉक्टर अरविंदकडे पाहून हसले. "बाबूजी मज़ाकिया हैं."

सिस्टर विमल

वॉर्डाची मुख्य सिस्टर विमल नावाची होती. छिंदवाड्याची, जाड चष्मा, आवाज असा की आमच्या कारखान्याचा भोंगा बिघडला असता तर तिला छपरावर उभं केलं असतं. म्हाताऱ्या रोग्यांची नीट चौकशी कशी करायची याचं काही नवीन शिक्षण ती घेऊन आली होती आणि ते सगळं तिला माझ्यावर वापरून पाहायचं होतं.

"बाबूजी, स्वतः आंघोळ करता?"

"नर्मदेत. ग्वारीघाटावरून उडी मारतो, खाली तिलवाऱ्याच्या घाटाला निघतो."

"कपडे स्वतः घालता?"

"नाही, चार हुजरे ठेवले आहेत."

"चालता किती?"

"थकेपर्यंत. अजून थकलो नाही, म्हणून सांगता येत नाही."

"जेवता किती?"

"ते घरच्यांना विचारा, रडतील."

"रडू येतं का मधूनमधून? एकटं वाटतं?"

"तुम्ही बसला आहात तोवर नाही वाटणार."

ती एकदाही हसली नाही. मग तिने विचारलं, "काम काय करता?"

माझ्या तोंडाला कुलूप लागलं. म्हटलं, "निवृत्त आहे."

"बेटा तर बोलला, परत बोलावलं आहे. काय काम आहे?"

"देशाचं."

"देशाचं काय?"

"देशाचं ते देशाचं."

तिने चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, मी जिंकलो. तुम्हाला सांगतो, आयुष्यभर मी हजार खोट्या गोष्टी सांगितल्या आणि लोकांनी त्या हसत ऐकल्या. एक खरी गोष्ट पोटात ठेवली, तर तीच विचारणारी बाई भेटली.

जाताना तिने व्याख्यानही दिलं. उतारवयात पाणी प्यावं, रोज फिरावं, चष्मा तपासावा, दात सांभाळावेत, रिकामं बसू नये, लोकांत राहावं. मी म्हटलं, "सिस्टर, हे तुम्ही सोळा वर्षांच्या पोराला सांगा. मी लोकांत राहिलो की लोक उठून जातात."

वॉर्ड

आता वॉर्डाबद्दल. ज्यांना जेवताना वाचायची सवय आहे त्यांनी हा भाग सोडावा.

फिनेल आणि उकडलेला दुधी यांचा वास एकत्र केला तर जे होतं त्यात आम्ही दिवसभर लोणच्यासारखे मुरत होतो. सकाळी दलिया यायचा, म्हणजे गव्हाची फिकी लापशी. मी त्या दलियाने भिंतीला पडलेली भेग बुजवली आणि ती भिंत आजही उभी आहे. चादरीवर आधीच्या रोग्याचा नकाशा असायचा, त्यात समुद्र कुठे आणि जमीन कुठे हे ओळखण्यात माझी दुपार जायची. पॅन देणारा माणूस पॅन असा आपटायचा जसा काही मीच त्याचा गुन्हेगार आहे. आणि एनिमा. एनिमाबद्दल सभ्य माणूस लिहीत नाही. मी इतकंच सांगतो की रबराची नळी घेऊन दोन माणसं आपल्याकडे हसत येतात तेव्हा माणसाला आपलं सगळं पूर्वायुष्य आठवतं, आणि त्यातलं काहीच कामाचं नसतं.

पण सगळ्यात घाण होती ती आमच्या वॉर्डाची भाषा. कोणी कण्हलं, उमर. कोणी पडलं, उमर. कोणी रात्रीचं जेवण नको म्हटलं, उमर. बिचाऱ्याला दलिया नको असेल हे कोणाच्या डोक्यात येत नव्हतं. एका कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला ऐकू येत नव्हतं. त्याच्या कानातून मळ काढला तर ऐकू यायला लागलं. तोवर त्याला सहा जण 'दिमाग गया' म्हणून गेले होते. मळ सिस्टर विमलनेच काढला, हे खरं आहे. तिचं तेवढं मानतो. बाकी ती भोंगाच.

संध्याकाळी अरविंद यायचा. तो चांगला मुलगा आहे, म्हणजे बापाशी भांडत नाही, आईशी भांडतो. एक दिवस मी झोपलो आहे असं समजून पलंगाशीच दोघं बोलत होती.

"आई, मागची खोली रिकामी करू. बाबांची खाट तिकडे टाकू. डॉक्टर म्हणून राहिले, आता हे असंच चालणार."

"असंच म्हणजे?"

"म्हणजे उठबस आपल्यालाच करावी लागेल. हात तर गेलाच आहे."

"तू त्या खोलीत जा राहायला. तिथे उंदीर आहेत, त्यांना रेल्वेचे पास काढून दे."

सुशीला अशी कधी बोलत नाही. हे माझं बोलणं होतं, तिने उसनं घेतलं होतं. मी डोळे मिटून पडलो. पहिल्यांदा भीती वाटली. मरणाची नाही, मागच्या खोलीची. त्या खोलीत पडून राहायचं, खिडकीतून भिंत पाहायची, आणि कोणी विचारलं की अरविंदने हळू आवाजात सांगायचं, आता वय झालं ना. उजवा हात मी पांघरुणातून बाहेर काढला. तो मनगटातून खाली लोंबला होता, मेलेल्या कबुतराच्या मानेसारखा.

शेजारचा पलंग

दोन-तीन दिवसांनी स्ट्रेचर आलं. त्यावर गुलाबराव.

"बापू?" तो म्हणाला. मला सगळे बापू म्हणतात.

"तू काहून आला इथं?"

"पोट," तो म्हणाला. "तू?"

"वय," मी म्हटलं.

त्याला शेजारचा पलंग मिळाला. आमचं दुःख निम्मं झालं आणि वॉर्डाचं दुप्पट. सिस्टर विमल त्याच्याकडे चौकशीला बसली तेव्हा मी कान लावून ऐकलं. ग्वारीघाटावरून उडी मारून मी तिलवाऱ्याला निघालो होतो, तर हा थेट होशंगाबादला निघाला. मी चार हुजरे ठेवले होते, याने पालखी ठेवली. मग तिने विचारलं, "काम काय करता?"

"सरकारी," गुलाबराव म्हणाला.

"सरकारी काय?"

"सरकारले विचारा."

सिस्टरने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग परत त्याच्याकडे. उठली, त्याचा हात हातात घेतला, वर धरला आणि सोडला. मनगट खाली लोंबलं. माझ्याकडे आली, माझा हात उचलला आणि सोडला. तेच.

"दोघे एकाच ठिकाणी काम करता?"

मी छताकडे पाहिलं. गुलाबराव खिडकीकडे.

"दोघांचं पोट एकसारखं. दोघांचा हात एकसारखा," ती म्हणाली. तिचं मराठी छिंदवाड्याचं होतं, पण या वेळी स्वच्छ आलं. "दोघांचं म्हातारपण एकाच शिफ्टला आलं काय?"

तिने आमच्या उशाखाली हात घालून माझी तंबाखू आणि त्याची चुन्याची डबी दोन्ही काढून घेतली आणि निघून गेली. जाताना डॉक्टरांना काही तरी सांगत होती. डॉक्टर मान हलवत होते. त्यांना घाई होती, बाहेर जखमी जवानांची गाडी येणार होती. ते बरोबरच होतं. पोरं तिकडे गोळ्या खात होती आणि आम्ही इकडे दलिया. कोणापुढे तक्रार करणार?

ती गेल्यावर गुलाबराव कुशीवर वळला. "बापू, इकडे पाह्य. तू बोलशील."

"मी? मी काहून बोलीन?"

"तुह्या पोटात पाणी टिकत नाही, मले तीस वर्षांपासून माहीत आहे. साहेबाले आपण जबान दिली. पोरं सीमेवर आहेत. माह्या बहिणीचा पोरगा आहे तिकडे. तू बोलला ना, तर तुह्यं तोंड पाहणार नाही मी."

"आणि मेलास तर?"

"तर तसंही पाहणार नाही," तो म्हणाला आणि पांघरूण डोक्यावर घेतलं.

दुपार

पुढच्या दुपारी भेटीची वेळ होती. सुशीला माझ्याजवळ बसून संत्रं सोलत होती. गुलाबरावाची बायको अजून यायची होती. तो सकाळपासून उलटसुलट बोलत होता, डोकं दुखतं म्हणत होता, मला 'मास्तर' म्हणून हाक मारत होता. मी त्याची थट्टा केली. त्याने उत्तर दिलं नाही. गुलाबराव थट्टेला उत्तर देत नाही हे पाहून मी उठून बसलो. तेवढ्यात त्याचं सगळं अंग ताठलं, डोळे फिरले, तोंडातून फेस आला आणि लोखंडी पलंग फरशीवर थाडथाड आपटायला लागला.

सिस्टर धावत आली. दोन माणसांनी त्याला धरलं. डॉक्टर आले, पापणी उघडून पाहिली. झटका थांबला तेव्हा तो घोरल्यासारखा श्वास घेत होता आणि त्याच्या धोतराचं काय झालं होतं ते मी लिहिणार नाही. तो आमच्या शेडमधला सगळ्यात नीटनेटका माणूस होता. भट्टीवरसुद्धा इस्त्रीची टोपी घालून यायचा.

"दिमाग की नस होगी," डॉक्टर म्हणाले. "इस उमर में..."

तो शब्द ऐकला आणि माझ्या पोटातून काही तरी वर आलं. उलटी येणार असं वाटलं. उलटी नव्हती.

"शिसं," मी म्हटलं.

सिस्टर वळली. "काय?"

"शिसं. दोघं शिसं वितळवतो. कढईवर. वर साय येते ती पळीने काढतो. आणखी काही विचारू नका, ते नाही सांगणार."

सुशीलेच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. डॉक्टर वळून माझ्याकडे आले, माझा ओठ वर केला आणि हिरड्यांच्या कडेची निळीकाळी रेघ पाहिली. गुलाबरावाचाही ओठ वर केला. मग त्यांचा चेहरा बदलला. म्हणजे मघापर्यंत ते दोन म्हाताऱ्यांकडे पाहत होते, आता दोन रोग्यांकडे पाहायला लागले. इतका फरक मी कधी कोणाच्या चेहऱ्यात पाहिला नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मला त्यांच्या तोंडावर दलिया फेकावासा वाटला.

खरं बोलणं

सिस्टर विमल स्टूल ओढून बसली. या वेळी तिचा आवाज भोंग्याचा नव्हता.

"नळ कुठे होता?"

"लांब."

"जेवण कुठे?"

"तिथेच."

"हात धुऊन?"

"नाही."

"तंबाखू?"

मी डावा तळहात पुढे केला. तिने तो उलटवून, खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. कितीही धुतला तरी रेषांमधला काळा रंग गेला नव्हता. "यावर मळता?"

"दोघांची."

"कपडे घरी कोण धुतं?"

मी सुशीलेकडे पाहिलं. सिस्टर उठली आणि तिने सुशीलेचाही ओठ वर करून पाहिला, भर वॉर्डात, भेटीच्या वेळी. सुशीला लाजून लाल झाली. तिच्या हिरड्यांना रेघ नव्हती. ही त्या दिवसाची कृपा.

खरं बोलायला मला काही मजा आली नाही, हे लिहून ठेवतो. खऱ्याला हातपाय नसतात, वाढवता येत नाही, रंगवता येत नाही. एकेका शब्दाचं उत्तर देत बसायचं. पण तिने पहिल्या दिवशीचेच प्रश्न परत विचारले आणि मी उत्तरं दिली. आंघोळ सुशीला घालते. बटण लागत नाही. जिना चढवत नाही. रडू येतं. हो, येतं, वॉर्डातले दिवे गेल्यावर. तिने मान हलवली आणि पुढे गेली, "अरेरे" म्हणाली नाही. त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

मी शेवटी विचारलं, "सिस्टर, हे बाहेर जाणार नाही ना?"

"बाबूजी, तुमच्या कारखान्यात काय बनतं ते माझ्या धोब्याला माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही दोघं मरून राहिले, तेवढंच कोणाला माहीत नव्हतं."

साहेब

मग सुया. शिरेत थेंब थेंब औषध, त्याने होणारी मळमळ, आणि परत दलिया. गुलाबराव शुद्धीवर आला तेव्हा त्याची बायको उशाशी होती. तिने त्याला सांगितलं, बापूंनी सांगितलं म्हणून बरं झालं. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केला, म्हणजे जेवढा होत होता तेवढा. त्याने तोंड भिंतीकडे केलं.

कारखान्याचा कोवळा साहेबही आला. शेडमध्ये आमच्या जागी बसवलेल्या दुसऱ्या दोघांना सिस्टरच्या निरोपानंतर तपासायला आणलं होतं, त्यांचं लवकर सापडलं. आता तिथे नळ बसवला आहे आणि हातमोजे आले आहेत, असं तो सांगत होता. चेहरा पडलेला होता बिचाऱ्याचा.

"पर आपने डॉक्टर को बताया क्यों नहीं?"

"आप बोले थे, किसी से भी नहीं."

"अरे, मैं तो दुश्मन की बात कर रहा था। डॉक्टर क्या दुश्मन है?"

"साब," मी म्हटलं, "आपने यहाँ का दलिया नहीं खाया."

साहेब गेल्यावर अरविंद खाली मान घालून पायाशी बसला. मागच्या खोलीबद्दल कोणी बोललं नाही. पुढे तिथे कोळसा भरला.

आता

तुम्हाला काही सांगायचं तर इतकंच. कोणी तुमच्या दुखण्याला वय म्हटलं तर विचारा, कालपर्यंत वय कुठे गेलं होतं. तुम्ही काय काम करता, कशात हात घालता, काय खाता, ते सांगा, आणि जे चौकशी करतात त्यांची आधी हवी तेवढी थट्टा करून घ्या, मग खरं सांगा. विचारणारी माणसं तोंडावर कितीही भोंग्यासारखी वाटली तरी विचारतात, हे काही कमी नाही. बाकीचे विचारत नाहीत, ठरवतात. आणि मुलगा जवळ उभा असेल तर त्याला बाहेर चहा प्यायला पाठवा, म्हणजे लोकांना तुमच्याशीच बोलावं लागतं. दलिया मात्र खाऊ नका, त्याचा काही उपयोग नाही.

माझं मनगट बरंचसं परत आलं. कप उचलतो. बटण लावतो, वरचं सोडून. ते सुशीला लावते, आणि तिला ते लावायचं असतं, म्हणून मी मुद्दाम शिकत नाही. युद्ध संपलं, काळे कागद निघाले, आम्हाला परत कोणी बोलावलं नाही.

गुलाबराव अधारतालला मुलाकडे राहतो. झटक्यानंतर त्याचा डावा पाय ओढतो, पण तो काठी घेऊन चालतो, सिस्टरने सांगितलं तसा रोज. रविवारी मुलगा त्याला रिक्षाने आमच्याकडे सोडतो. तो आत येतो, सुशीलेला नमस्कार करतो आणि माझ्यासमोरच्या खुर्चीवर टोपी नीट करून बसतो.

"वहिनी," तो म्हणतो, "यांना सांगा, दार लावून घ्या, हवा येऊन राहिली."

मी दार लावतो. "सुशीला, त्याले विचार, चहा घेतो का दूध."

"वहिनी, दूध सांगा. आणि त्यांना सांगा, आवाज कमी करा, मी काही बहिरा नाही."

सुशीला आम्हा दोघांच्या मध्ये उभी राहून निरोप पोचवते. कधी कधी वाटेत त्यात बदल करते. आम्ही बुद्धिबळ मांडतो आणि अंधार पडेपर्यंत एक शब्द न बोलता खेळतो. मी चाल करताना गप्पा मारतो, हवेत. तो ऐकत असतो, कारण मी फार फेकलं की त्याची मिशी हलते.

तो जिवंत आहे आणि माझ्याशी बोलत नाही. दोन्ही गोष्टी मी एकाच दुपारी, एका शब्दात केल्या.